चाकांवरचे घर

मंडळी, घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? पाया, भिंती, आढे, ओसरी, अंगण. घर एका जागी उभे असते. आपण चार गावे फिरतो आणि पुन्हा घरी येतो. पण घरच आपल्याबरोबर गावोगाव निघाले तर?

अशा घरात मी नऊ दिवस राहून आलो. माझी लेक अमेरिकेत मिनिआपोलिस नावाच्या शहरात राहते. २०२३ सालच्या जून महिन्यात आम्ही दोघे तिच्याकडे गेलो होतो. जावईबापू म्हणाले, "बाबा, तुम्हांला हा देश दाखवायचा तर शहरातून नाही दाखवायचा. रस्त्याने दाखवायचा." त्यांनी चाकांवरचे एक घर भाड्याने आणले. आम्ही दोघे, लेक, जावई आणि दहा वर्षांचा नातू, अशी पाच माणसे निघालो. जाताना सुमारे हजार मैल झाले. म्हणजे मुंबईहून नागपूरला जाऊन परत यावे एवढी वाट!

परत आल्यावर पारावर मंडळी जमली. सुतारमामांनी पहिला प्रश्न टाकला, "गुरुजी, गाडीत संडास होता म्हणता. मग घाण जाते कुठे?" शेजारच्या आक्कांनी विचारले, "आणि चूल कुठे मांडता?" पाटीलबुवा म्हणाले, "जनावरं पाहिली का?" या तीन प्रश्नांची उत्तरे एका बैठकीत संपली नाहीत. म्हणून ती येथे लिहून काढली आहेत.

घर आत कसे असते?

अमेरिकेत या गाडीला 'आर. व्ही.' म्हणतात. बाहेरून ती लहानशा एस. टी. सारखी दिसते. आमची गाडी पंचवीस फूट लांब होती. पुढे चालवणाऱ्याची जागा. त्याच्या डोक्यावर एक माळा. माळ्यावर नातू झोपायचा. मध्ये जेवणाचे मेज आणि दोन बाकडी. रात्री मेज खाली पाडायचे, वर गादी टाकायची, की झाला पलंग. मागच्या बाजूला आणखी एक पलंग. एका बाजूला गॅसची शेगडी, भांडी घासायची छोटी मोरी आणि थंड कपाट. कोपऱ्यात कपाटाएवढी खोली. तिच्यात संडास आणि अंघोळीची जागा. एका खोलीत संसार करणाऱ्या माणसाला हे घर लगेच कळते. प्रत्येक वस्तूला दोन कामे आणि प्रत्येक वस्तूची एक जागा!

गाडी चालू असताना कोणी उठायचे नाही. सगळ्यांनी पट्टे बांधून बसायचे. स्वयंपाक गाडी थांबल्यावर. कपाटांना कड्या असतात, त्या निघण्यापूर्वी लावायच्या. पहिल्या दिवशी हिने एक कडी लावली नाही. पहिल्याच वळणावर पिठाचा डबा खाली आला. सगळे घर पांढरे झाले! त्यानंतर कड्या तपासण्याचे काम माझ्याकडे आले.

पिण्याच्या आणि वापरायच्या पाण्याची टाकी गाडीच्या पोटात असते. दिवे बॅटरीवर चालतात. संध्याकाळी मुक्कामाच्या तळावर जायचे. तळाचे भाडे द्यावे लागते. तिथे प्रत्येक गाडीला जागा आखून दिलेली असते. जागेपाशी एक खांब असतो. त्यावरून वीज घ्यायची. शेजारच्या नळाने पाणी भरायचे. अंधार पडल्यावर मोठ्याने बोलायचे नाही. शेजारी कोण, कुठला, आपल्याला ठाऊक नसते. पण त्याची झोप मोडू नये, हे सर्वांना ठाऊक असते.

घाण जाते कुठे?

आता सुतारमामांचा प्रश्न. गाडीखाली आणखी दोन टाक्या असतात. एकीत मोरीचे आणि अंघोळीचे सांडपाणी साठते. दुसरीत संडासची घाण साठते. या टाक्या वाटेत कुठेही उघडता येत नाहीत. रस्त्यावर, ओढ्यात किंवा रानात घाण सोडणे हा गुन्हा आहे. तळावर किंवा ठरलेल्या ठिकाणी जमिनीत एक तोंड असते. ते गटाराला जोडलेले असते. गाडीची जाड नळी त्या तोंडाला लावायची. आधी संडासची टाकी सोडायची. मग सांडपाण्याची. म्हणजे मागून येणाऱ्या सांडपाण्याने नळी धुऊन निघते.

हे काम कोणी करायचे? ज्याची गाडी त्याने. आमचे जावई इंजिनिअर आहेत. त्यांनी हातमोजे घातले, नळी लावली, टाकी रिकामी केली, नळी धुतली आणि हात स्वच्छ धुऊन चहा प्यायला बसले. शेजारच्या गाडीतले म्हातारे गृहस्थही तेच करत होते. त्यात कोणाला कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हे काम काही माणसांच्या माथी मारले गेले. आपली घाण दुसऱ्याने उचलायची आणि वर त्यालाच हलके म्हणायचे! त्या तळावर उभा असताना मला याची लाज वाटली. हे मी पारावरही सांगितले. कोणी काही बोलले नाही. पण सुतारमामांनी मान हलवली.

कणसांचा महाल

हमरस्ता सरळ पश्चिमेला जातो. दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीनची शेते. डोंगर नाही, नदी क्वचित. अशा वाटेवर प्रवासी कशाला थांबेल? म्हणून इथल्या लहान लहान गावांनी युक्त्या काढल्या आहेत.

साउथ डकोटा राज्यात मिचेल नावाचे गाव आहे. तेथे एक महाल आहे. त्याच्या भिंतींवर मक्याच्या कणसांची चित्रे आहेत. कणीस उभे चिरायचे आणि फळीवर खिळ्याने ठोकायचे. पिवळे, पांढरे, तांबडे, निळे, काळे, असा नाना रंगांचा मका त्यासाठी मुद्दाम पिकवतात. रंग लावत नाहीत. दाण्याचा जो रंग, तोच चित्राचा रंग. पाखरे येऊन दाणे टिपतात. चित्रे दरवर्षी नवी करतात.

पहिला महाल १८९२ साली बांधला. त्या वेळी लोक म्हणत, "या माळरानात काय पिकणार?" गावकऱ्यांनी आपले पीकच भिंतीवर ठोकून उत्तर दिले. आजची इमारत १९२१ सालची आहे. आत खेळांचे सामने होतात, जलसे होतात. आमच्या हिने कणसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "आपल्या जोंधळ्याचं असं काही करता येईल." मलाही तसेच वाटले.

थंड पाण्याने तारलेले दुकान

पुढे सव्वादोनशे मैलांवर वॉल नावाचे गाव आहे. त्या गावाची गोष्ट मला सर्वांत आवडली.

१९३१ सालच्या अखेरीस टेड हस्टेड आणि त्यांच्या पत्नी डोरोथी यांनी तेथे औषधांचे दुकान घेतले. गाव लहान. काळ मंदीचा. पाऊस नाही, पीक नाही. दुकानात गिऱ्हाईक येईना. हमरस्त्याने मोटारी जात, पण गावात कोणी वळत नसे. अशी जवळजवळ पाच वर्षे गेली.

१९३६ सालच्या उन्हाळ्यात डोरोथीबाईंच्या मनात एक विचार आला. या उन्हात माळ तुडवत येणाऱ्या प्रवाशाला काय हवे असेल? थंड पाणी! आपल्याकडे बर्फ आहे, पाणी आहे. मग ते फुकट का देऊ नये? टेड यांनी रस्त्याकाठी पाट्या लावल्या. 'थंडगार पाणी फुकट मिळेल,' असे त्यांवर लिहिले होते. पाट्या लावून परत येईपर्यंत गिऱ्हाईक दुकानात येऊ लागले होते. पाणी पिणारा माणूस आणखी काहीतरी विकत घेई. दुकान वाढत गेले. आज तेथे वर्षाला सुमारे वीस लाख माणसे येतात. अंगणात ससे, डायनासोर यांचे पुतळे आहेत. मुले त्यांवर चढतात. रस्त्यावर शेकडो मैल आधीपासून त्या दुकानाच्या पाट्या दिसतात. आणि थंड पाणी अजून फुकट मिळते.

मी तेथे दोन पेले पाणी प्यालो. मला आपली पाणपोई आठवली. तहानेल्या माणसाला पाणी देणे हे पुण्य आहे, असे आपले वाडवडील सांगत आले. सात समुद्रांपलीकडेही तीच गोष्ट खरी ठरली.

मी चुकलो ती गोष्ट

त्याच संध्याकाळी माझ्या हातून एक चूक होणार होती.

वॉलजवळ 'बॅडलँड्स' नावाचे सरकारने राखलेले रान आहे. माती आणि खडक पावसाने, वाऱ्याने कोरून काढले आहेत. जणू काही पडक्या किल्ल्यांची रांगच. त्या मुलखात पूर्वीपासून राहणाऱ्या लाकोटा लोकांनी याला 'वाईट जमीन' असेच नाव दिले होते.

त्याच्या कडेला गवताळ माळ आहे. माळावर शेकडो बिळे. प्रत्येक बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग. ढिगावर एक छोटा प्राणी दोन पायांवर उभा. याला 'प्रेअरी डॉग' म्हणतात. नाव कुत्र्याचे, पण जात खारीची. धोका दिसला की भुंकल्यासारखा ओरडतो. मग सगळे गाव बिळात!

एक जण माझ्या अगदी जवळ आला. पुढचे पाय छातीशी धरून माझ्याकडे पाहू लागला. माझ्या खिशात पोळीचा तुकडा होता. आपण गाईला घास देतो, मुंग्यांना साखर घालतो, कावळ्याला घास ठेवतो. हात आपोआप खिशात गेला. इतक्यात नातू ओरडला, "आजोबा, नको!"

मी म्हटले, "अरे, भुकेला आहे बिचारा."

त्याचे मराठी मोडके आहे. तरी त्याने नीट सांगितले, "आजोबा, तो गवत खातो. गवत खूप आहे. पोळी दिली तर तो रोज रस्त्यावर येणार. मग गाडीखाली मरणार."

पलीकडे पाटी होती. रानातल्या प्राण्याला खायला घालण्यास सरकारची मनाई होती. लेकीने आणखी सांगितले. हे प्राणी चावतात. त्यांच्या पिसवांतून प्लेगसुद्धा पसरू शकतो. मी पोळी खिशात ठेवली. जन्मभर पोरांना शिकवत आलो. त्या दिवशी पोराने मला शिकवले. पण खरे सांगतो, मनातून मला ते पटले नव्हते. दयेची मनाई कसली, असे वाटत होते. पटले ते पुढे.

सहा कोटींचे हजार झाले

दुसऱ्या दिवशी आम्ही 'कस्टर' नावाच्या राखीव रानात गेलो. तेथे बायसनचा कळप पाहिला. बायसन म्हणजे आपल्याकडच्या गव्याचा लांबचा भाऊबंद. मोठा नर वजनाने नऊशे किलोपर्यंत भरतो. खांद्यावर मोठे वशिंड. डोक्याला, मानेला झुपकेदार केस. दिसायला सुस्त. पण पळू लागला की तासाला पस्तीस मैलांपर्यंत पळतो. माणसाच्या तिप्पट!

एके काळी अमेरिकेत तीन ते सहा कोटी बायसन होते, असा जाणकारांचा अंदाज आहे. लाकोटा आणि इतर मूळ रहिवासी त्यांवर जगत. मांस खात, कातड्याचे तंबू करत, हाडांची हत्यारे करत. पुढे आगगाडी आली, बंदुकीवाले शिकारी आले. कातड्यांना मोठी किंमत मिळू लागली. कारखान्यांतल्या यंत्रांचे पट्टे त्या कातड्याचे होत. मांस माळावर सडत पडे. बायसन संपले की या लोकांचे अन्न संपते आणि ते शरण येतात, हे सरकारी अधिकारी जाणून होते. १८८० ते १८९० ही दहा वर्षे संपत आली तेव्हा हजारसुद्धा बायसन उरले नव्हते.

मग काही लोकांचे डोळे उघडले. उरलेली जनावरे राखली. कस्टरमध्ये १९१४ साली थोडी जनावरे विकत आणून सोडली. आज तेथे हजाराच्या वर आहेत. दर सप्टेंबरात घोडेस्वार सगळा कळप हाकून आणतात. जनावरे मोजतात, लस टोचतात. गवताला झेपतील तेवढी ठेवतात आणि बाकीची लिलावात विकतात. चारा आणि जनावर यांचा मेळ घालावाच लागतो. हे शेतकऱ्याला सांगायला नको.

पन्नास हात लांब

शेवटी आम्ही 'यलोस्टोन'ला पोहोचलो. हे रान १८७२ साली राखीव झाले. जगातले हे पहिले राष्ट्रीय उद्यान. जमिनीतून उकळत्या पाण्याचे फवारे उडतात. आमचा तळ अस्वलांच्या मुलखात होता. तेथे तंबू ठोकायला परवानगी नाही. भक्कम भिंतींच्या गाड्याच हव्यात. खाण्याची वस्तू बाहेर ठेवायची नाही. खरकटे भांडेसुद्धा नाही.

तेथला नियम असा आहे. अस्वल आणि लांडगा यांच्यापासून शंभर वार दूर राहावे. बायसनसारख्या जनावरांपासून पंचवीस वार. एक वार म्हणजे दोन हात. तेव्हा पंचवीस वार म्हणजे पन्नास हात. दोन एस. टी. गाड्या एकामागे एक उभ्या केल्या, की साधारण तेवढे अंतर होते.

हेडन नावाच्या खोऱ्यात बायसनचा कळप रस्त्यावर आला. सगळ्या गाड्या थांबल्या. तांबूस रंगाची वासरे आईच्या पायांत घुटमळत होती. अर्धा तास गेला. पुढच्या गाडीतला एक माणूस फोटो काढायला खाली उतरला. एक पाऊल, दोन पावले, दहा पावले. लेक हळूच म्हणाली, "बाबा, शेपूट बघा." बायसनचे शेपूट वर गेले होते. तो पायाने माती उकरू लागला. आपला बैल मारका होतो तेव्हा काय करतो, ते तुम्ही जाणताच. जावयांनी काच खाली करून हाक मारली. माणूस वळला. त्याच क्षणी बायसन चार ढेंगा पुढे आला. माणूस धावत आमच्या गाडीमागे लपला. बायसन तेथेच थांबला. माणूस वाचला. पण त्याचे हात किती वेळ थरथरत होते!

रात्री लेकीने एक खरी घडलेली गोष्ट सांगितली. २०१६ सालच्या मे महिन्यात याच रानात काही प्रवाशांना एक बायसनचे वासरू दिसले. त्यांना वाटले, वासरू थंडीने मरेल. त्यांनी ते उचलले, गाडीत घातले आणि रानाच्या राखणदारांकडे नेले. त्यांच्या मनात दयाच होती. राखणदारांनी वासरू पुन्हा पुन्हा कळपात सोडून पाहिले. कळपाने ते घेतले नाही. वासरू रस्त्यावर माणसांच्या आणि गाड्यांच्या मागे जाऊ लागले. शेवटी त्याला मारावे लागले.

ही बोलून थांबली नाही. डोळे पुसत म्हणाली, "गाय वासराला टाकते तेव्हा आपण अंगणात बाटलीने दूध पाजतो. तिथं अंगण कुठलं?"

मग अस्वलांचे कळले. पूर्वी येथे लोक मोटारीतून अस्वलांना घास भरवत. हॉटेलांचा कचरा रानातच टाकत. तो खायला अस्वले येत आणि ती मौज पाहायला लोकांसाठी बाकडी मांडलेली असत. अस्वल रानातले अन्न शोधणे सोडून माणसाकडे मागू लागले. मिळाले नाही की पंजा मारी. १९३१ ते १९६९ या काळात दर वर्षी सरासरी ४८ माणसे अस्वलांमुळे जखमी झाली. आणि धीट झालेली कितीतरी अस्वले मारावी लागली. पुढे कचऱ्याचे खड्डे बंद केले. खायला घालणे सक्तीने थांबवले. आता वर्षाला सरासरी एखादाच माणूस जखमी होतो. अस्वलेही आपले आपण पोट भरतात.

खिशातल्या पोळीची गोष्ट मला तेव्हा पटली.

माणसाला पाणी, रानाला अंतर

गाय, बैल, कुत्रा ही आपल्या दारची जनावरे. त्यांचे पोट आपल्यावर. त्यांना उपाशी ठेवणे पाप आहे. पण रानातले जनावर आपल्या दारचे नाही. त्याचे घर, त्याचे ताट रानात आहे. आपण घास दिला की त्याचे पाय रस्त्याकडे वळतात. देताना आपल्याला बरे वाटते. किंमत ते जनावर देते.

परत आल्यावर आम्ही एस. टी.ने महाबळेश्वरकडच्या घाटातून येत होतो. कठड्यावर माकडे बसली होती. मीसुद्धा वर्षानुवर्षे त्यांना खिडकीतून केळी टाकत आलो आहे. त्या दिवशी हिच्या पिशवीत केळी होती. आम्ही हात आवरला. मागच्या बाकावरच्या गृहस्थांनी मात्र एक केळे फेकले. ते रस्त्याच्या मध्ये पडले. एक माकडीण पिलाला पोटाशी धरून त्यावर धावली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. थोडक्यात वाचली.

मी गृहस्थांना म्हटले, "दादा, नका टाकू."

ते म्हणाले, "पुण्याचं काम आहे, गुरुजी."

मी त्यांना वॉल गावची थंड पाण्याची गोष्ट सांगितली आणि वासराचीही सांगितली. ते ऐकत राहिले. उतरताना उरलेली केळी त्यांनी स्टँडवरच्या एका लहान पोराच्या हातात दिली.

आपल्या गावच्या फाट्यावर पूर्वी पाणपोई होती, हे जुन्या माणसांना आठवत असेल. रांजण फुटला आणि ती बंद पडली. मी हे सगळे पारावर सांगितले, त्याच बैठकीत सुतारमामा म्हणाले, "गुरुजी, मांडव मी घालतो." आक्का म्हणाल्या, "रांजण मी देते." गेल्या चैत्रात पाणपोई पुन्हा सुरू झाली. येणारा जाणारा पाणी पितो, घटकाभर सावलीत बसतो. सध्या रोज सकाळी रांजण भरायची पाळी पाटीलबुवांच्या घरी आहे. पुढच्या आठवड्यात ती माझ्याकडे येईल.